थेऊरच्या हरितगृहात हरभऱ्याच्या जलद पिढ्या: दीड वर्षाच्या कामाच्या नोंदी

१२ ऑक्टोबर २०२३

पुण्याच्या पूर्वेला, थेऊरच्या शिवारात मामांचे दहा गुंठ्यांचे जुने पॉलिहाऊस आहे. त्यात पूर्वी जरबेरा होता. गेली दोन वर्षे ते रिकामे पडून आहे. त्याचा सहा मीटर रुंद आणि आठ मीटर लांब कोपरा वेगळा करून तेथे हरभऱ्याच्या पिढ्या लवकर लवकर काढण्याचे आम्ही ठरवले आहे. आम्ही म्हणजे मी, मामा, वनस्पती पैदासशास्त्रातून निवृत्त झालेले आमचे सर आणि पदव्युत्तर शिक्षण घेणारी एक विद्यार्थिनी.

हवेली आणि दौंड भागात ऊस तुटून रान मोकळे होईपर्यंत डिसेंबर संपतो. हरभऱ्याची योग्य पेरणी ऑक्टोबरच्या अखेरीपासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंतची. जानेवारीत पेरलेला हरभरा मार्चमध्ये फुलतो आणि पारा ३५ अंशांच्या वर गेला की फुले गळतात, उरलेले घाटे पोचट राहतात. काबुली हरभऱ्याला भाव चांगला, पण मामांच्या रानात उशिरा पेरलेल्या काबुलीने दोनदा दगा दिला आहे. म्हणून राहुरीच्या कृषी विद्यापीठाचा 'विराट' हा काबुली वाण मादी म्हणून आणि उष्णता सोसणारा 'जेजी १४' हा देशी वाण नर म्हणून घेऊन, उशिरा पेरूनही टिकणारा काबुली मिळवायचे ठरले. जेजी १४ मूळचा इक्रिसॅट या हैदराबादजवळच्या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेच्या आयसीसीव्ही ९२९४४ या ओळीचा. दोन्ही वाणांचा नवीन वाण तयार करण्यासाठी मूळ सामग्री म्हणून वापर करण्यास वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदा, २००१ च्या कलम ३० ने मुभा दिली आहे, हे सरांनी पहिल्याच बैठकीत सांगितले.

या जोडीचा आणखी एक फायदा आहे. काबुलीचे फूल पांढरे आणि देशीचे गुलाबी असते, आणि गुलाबी रंग प्रभावी असतो. त्यामुळे पांढऱ्या फुलाच्या मादीवर केलेला संकर खरोखर झाला की नाही, हे पुढच्या पिढीचे पहिले फूल उमलताच कळते. प्रयोगशाळेत डीएनए तपासण्याचा खर्च वाचतो.

२० जानेवारी २०२४

संकराचे काम संपले. एकूण १४० कळ्यांतून पुंकेसर काढून परागीकरण केले. त्यातून ३१ घाटे धरले आणि ३६ बिया मिळाल्या. हरभऱ्याची कळी इतकी लहान असते की चिमटा थोडा हलला तरी कुक्षी दुखावते. पहिल्या आठवड्यातील ५० कळ्यांपैकी फक्त चार धरल्या. नंतर हात बसला.

बियांकडे पाहून संकर झाला की नाही हे समजत नाही, कारण बीचे साल आईचे असते. सर्व ३६ बिया विराटसारख्याच पांढरट आहेत. फुलांची वाट पाहावी लागेल.

१६ फेब्रुवारी २०२४

हरितगृहाची मांडणी. येथे आम्ही पहिली महागडी चूक केली, म्हणून ती सविस्तर लिहिते.

जलद पैदासीची पद्धत ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड विद्यापीठातून २०१८ मध्ये जगापुढे आली. तिचा गाभा असा की दिवसाला २२ तास प्रकाश आणि २ तास अंधार दिला, तर गहू, हरभरा यांसारखी दीर्घ दिवसाला प्रतिसाद देणारी पिके लवकर फुलतात आणि वर्षाला सहापर्यंत पिढ्या घेता येतात. आम्ही हे वाचून घाईने २४ 'ग्रो लाइट' मागवले. ते लाल-निळ्या प्रकाशाचे, म्हणजे दिसायला जांभळे निघाले. झाडे त्याखाली वाढतात, यात वाद नाही. परंतु त्या प्रकाशात पान हिरवे आहे की पिवळे पडत आहे हे कळत नाही, आणि गुलाबी फूल व पांढरे फूल यांतील फरकही डोळ्यांना दिसत नाही. ज्या कामाचा सारा आधार फुलाच्या रंगावर आहे, त्यात हे दिवे निरुपयोगी ठरले. २९,००० रुपये गेले. विक्रेत्याने ते परत घेतले नाहीत. पुन्हा २४ पांढरे एलईडी घेतले, प्रत्येकी ८० वॉट, एकूण ३४,८०० रुपये.

प्रकाश मोजण्यासाठी मोबाइलचे ॲप वापरू नये. ॲप माणसाच्या डोळ्याला जाणवणारा प्रकाश मोजते, झाडाला उपयोगी पडणारा नव्हे. विद्यार्थिनीने महाविद्यालयातून प्रकाशमापक दोन दिवसांसाठी आणला, तेव्हा बाकाच्या मध्यभागी ४२० मायक्रोमोल आणि कडेला केवळ २३० असे आकडे आले. दिव्यांची उंची बदलून आणि कडेला पांढरे पत्रे लावून कडेचा आकडा ३४० वर आणला.

विजेची अडचण या भागात काम करणाऱ्या प्रत्येकाला येईल. शेतीपंपाच्या फीडरवर थ्री-फेज वीज पाळीने येते, काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री. तिच्यावर पंखे चालवणे म्हणजे उन्हाळ्यात झाडे मारणे होय. म्हणून गावठाणाच्या फीडरवरून स्वतंत्र सिंगल-फेज जोडणी घेतली आणि पंखेही सिंगल-फेजचेच बसवले. त्या जोडणीसाठी पाच आठवडे गेले. जो हे काम सुरू करणार असेल, त्याने संकर करण्याआधी विजेचा अर्ज करावा.

४ मार्च २०२४

पहिल्या संकरित पिढीच्या, म्हणजे एफ-१ च्या, ३६ बिया पेरल्या. दिवसाचे तापमान २८ अंश आणि अंधाराच्या दोन तासांत २० अंश ठरवले आहे. क्वीन्सलँडच्या पद्धतीत ते २२ आणि १७ असते, पण आमच्या पंखा आणि कूलिंग पॅडला (ओल्या पॅडमधून हवा ओढून ती गार करणारी सोय) मार्च-एप्रिलमध्ये तेवढा गारवा जमणार नाही.

६ एप्रिल २०२४

पेरणीनंतर बत्तिसाव्या दिवशी पहिले फूल. शेतात याला दीड महिना लागला असता.

आजपर्यंत फुललेल्या झाडांत २२ गुलाबी आणि १४ पांढरी आहेत. म्हणजे ३६ पैकी १४ बिया संकर नव्हत्याच. विराटने स्वतःचाच पराग घेतला होता. हरभऱ्याचे परागकोश फूल उमलण्याच्या सुमारे एक दिवस आधी कळीतच फुटतात. आम्ही ज्या कळ्या निवडल्या, त्यांतील पुष्कळशा एक दिवस उशिराच्या होत्या. पाकळ्या हिरव्या निदलांच्या बाहेर डोकावू लागल्या की तो कळीचा उशीर समजावा. पांढरी झाडे उपटून टाकली.

१८ एप्रिल २०२४

दुपारी दीड वाजता पंख्याचा रिले (वीज आपोआप चालू-बंद करणारी कळ) चिकटला आणि पंखे बंद पडले. मामा जेवायला घरी गेले होते. चाळीस मिनिटांत आतील तापमान ४६ अंशांवर गेले. मामा परतले तेव्हा पाने हाताला कोमट लागत होती, असे त्यांनी सांगितले.

झाडे वाचली, पण पुढचा आठवडाभर जवळपास प्रत्येक फूल गळाले. पिढी नऊ दिवसांनी मागे पडली. त्याच संध्याकाळी दुसरा स्वतंत्र थर्मोस्टॅट बसवला: पहिला बिघडला आणि तापमान ३४ अंशांवर गेले, तर तो पंखे थेट सुरू करतो आणि मामांच्या फोनवर घंटा वाजवतो. खर्च २,१०० रुपये. हे पहिल्या दिवशी करायला हवे होते.

कूलिंग पॅडविषयी एक गोष्ट. बाहेर ४० अंश आणि आर्द्रता २० टक्के असताना आत २९ अंश सहज मिळतात, कारण कोरडी हवा पाणी भराभर शोषते. पुण्याचा एप्रिल पॅडसाठी सर्वांत चांगला महिना आहे. पावसाळ्यात याच पॅडची काय अवस्था होते, ते पुढे येईल.

१६ मे २०२४

एफ-१ ची काढणी. २२ झाडांपासून २८१ बिया मिळाल्या. सर्व तपकिरी, कोनेदार, देशीकडे झुकणाऱ्या, अपेक्षेप्रमाणेच. पेरणीपासून ७३ दिवस लागले.

सरांनी आग्रह धरला की सगळ्या बिया पेरायच्या नाहीत. २०० बिया पेरणीसाठी ठेवल्या, एक बी फुटलेली होती ती टाकली आणि उरलेल्या ८० बिया सिलिका जेलसह स्टीलच्या डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवल्या. मला त्या वेळी हा उशीर वाटला होता.

२४ मे २०२४

एफ-२ च्या, म्हणजे दुसऱ्या पिढीच्या, २०० बिया १० सेंटिमीटरच्या कुंड्यांत पेरल्या. माध्यम कोकोपीट आणि गांडूळखत, तीनास एक. कोकोपीटच्या विटा भिजवून थेट वापरल्या.

१३ जून २०२४

काही झाडांच्या पानांच्या कडा करपत आहेत. आत तापमान ३३ ते ३५ अंश आहे; उष्णतेचा परिणाम असावा असे वाटते.

१ जुलै २०२४

या दिवशी आम्ही साऱ्या प्रकल्पातील सर्वांत मोठी चूक केली, पण ती चूक आहे हे तेव्हा कोणालाच कळले नाही. जसे घडले तसे लिहिते.

उगवलेल्या १८३ झाडांत १३९ गुलाबी आणि ४४ पांढऱ्या फुलांची आहेत. गुलाबी रंग प्रभावी असल्याने दुसऱ्या पिढीत अपेक्षित असलेल्या तीनास एक या प्रमाणाच्या अगदी जवळ. विद्यार्थिनीला फार आनंद झाला. फुलोऱ्याच्या दहा दिवसांत आम्ही मुद्दाम आतील दुपारचे तापमान ३६ अंशांपर्यंत चढू दिले होते, जेणेकरून उष्णता न सोसणारी झाडे या पिढीतच वेगळी पडावीत. ज्या झाडांच्या पानांच्या कडा करपल्या, फुले गळाली आणि दोनपेक्षा कमी घाटे धरले, अशी ५८ झाडे काढून टाकली. १२५ उरली. त्यांत पांढऱ्या फुलांची २९.

९ जुलै २०२४

विद्यार्थिनीने कुंड्यांच्या जागांचा नकाशा वहीत काढला होता. टाकलेल्या ५८ झाडांच्या चौकटी तिने लाल पेन्सिलीने रंगवल्या आणि वही माझ्यापुढे ठेवली. त्यातील ४१ चौकटी दोन बाकांच्या एकाच टोकाला, ठिबकच्या नळीच्या शेवटी होत्या.

उष्णता सोसण्याचा गुण झाडाच्या जनुकांत असेल, तर तो बाकाच्या एका टोकाला गोळा होणार नाही. मामांना वही दाखवली, तेव्हा ते म्हणाले, "अगं, शेवटच्या नळीला पाणी कमीच जातं. जरबेऱ्याच्या वेळी मी तिकडं वेगळं पाणी घालायचो. विचारायचंस ना मला."

दुपारी क्षारता मोजली. विहिरीचे पाणी २.४ डेसिसिमेन प्रति मीटर. फेब्रुवारीत ते १.७ होते, मे महिन्यात विहीर खाली गेल्यावर वाढले आणि आम्ही पुन्हा तपासलेच नाही. बाकाच्या सुरुवातीच्या कुंड्यांतून निथळणारे पाणी २.९ आणि शेवटच्या कुंड्यांतून निथळणारे ५.२. कोकोपीट न धुता वापरल्यामुळे त्यात मुळातच मीठ होते. टोकाला पाणी कमी गेल्यामुळे ते निथळून बाहेर पडले नाही, साठत गेले. हरभरा हे क्षारांना अतिशय नाजूक पीक आहे. करपलेल्या कडा उष्णतेच्या नव्हत्या, मिठाच्या होत्या.

थोडक्यात, आम्ही उष्णता सोसणारी झाडे निवडली नाहीत. नळीच्या सुरुवातीला बसलेली झाडे निवडली. आणि टाकलेली ५८ झाडे खतखड्ड्यात आहेत.

सरांना फोन केला. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग एवढेच म्हणाले की हरितगृह स्वतः निवड करीत असते आणि ते कशाची निवड करीत आहे हे रोज पाहावे लागते. फ्रिजमधल्या ८० बियांची आठवण त्यांनीच करून दिली.

१५ जुलै २०२४

केलेल्या दुरुस्त्या. छपराच्या पन्हळीला पाइप जोडून ५,००० लिटरची टाकी बसवली. दहा गुंठ्यांच्या छपरावर १० मिलिमीटर पाऊस पडला तरी सुमारे दहा हजार लिटर पाणी मिळते. दोन चांगल्या सरींत टाकी भरून वाहिली. ठिबकची नळी दोन्ही टोकांनी जोडून गोल केली, जेणेकरून शेवट असा राहणार नाही. पुढच्या पिढीसाठी कोकोपीट तीन वेळा साध्या पाण्याने आणि एकदा कॅल्शियम नायट्रेटच्या द्रावणाने धुवायचे. कुंड्यांच्या जागा दर पाच दिवसांनी बदलायच्या. टाकी आणि जोडणीचा खर्च ३१,००० रुपये.

क्षारता मोजण्याचे पेनाएवढे यंत्र दोन हजारांत मिळते. ते आमच्याकडे पहिल्यापासून होते. दर आठवड्याला निथळ मोजण्याचा नियम मात्र नव्हता.

२८ जुलै २०२४

पावसाळ्यात पॅड निकामी झाले आहेत. बाहेरच २७-२८ अंश आणि आर्द्रता ८५ टक्के असल्यावर पॅडमधून आलेली हवा जेमतेम दीड-दोन अंशांनी थंड होते आणि ओलावा मात्र वाढवते. पॅडचे पाणी बंद करून नुसते पंखे चालू ठेवले, तेव्हा झाडे बरी दिसू लागली. तोपर्यंत ११ झाडांच्या बुंध्याशी पांढरी बुरशी आणि मोहरीच्या दाण्यांसारखे गोल दाणे दिसले होते; ही मानकूज. घाटे पक्व होत आले होते, म्हणून बी वाचले.

एफ-२ चे घाटे आज काढून झाले. पिढी वेगाने जावी म्हणून घाटे वाळून खडखडीत होण्याची वाट पाहिली नाही. फुलानंतर सुमारे २५ दिवसांनी, हिरवट-पिवळे असतानाच घेतले. अशा अर्धपक्व बियाही नीट वाळवल्या तर उगवतात.

२८ ऑगस्ट २०२४

नीट वाळवल्या तर. आम्ही नीट वाळवल्या नाहीत.

पावसामुळे ऊन नव्हते, म्हणून एका लाकडी पेटीत बल्ब लावून वाळवणपेटी केली होती. आतला तापमापक बल्बपासून दूर कोपऱ्यात होता आणि ३४ अंश दाखवत होता. बियांच्या थाळीवर प्रत्यक्षात ४५ अंश असल्याचे आज मोजल्यावर कळले. १० ऑगस्टला १२५ ओळींच्या (एका झाडाची संतती म्हणजे एक ओळ) प्रत्येकी दोन, म्हणजे २५० बिया पेरल्या होत्या. त्यातील ९५ उगवल्या. ४८ ओळींची एकही बी उगवली नाही.

सुदैवाने त्यांपैकी २६ झाडांवर काही उशिराचे घाटे राहिले होते. ते सावलीत, पंख्याच्या वाऱ्यावर पाच दिवस आणि नंतर सिलिका जेलमध्ये दोन दिवस वाळवून पेरले. २१ ओळी उगवल्या. एकूण ९८ ओळी शिल्लक.

परंतु खरी काळजी वेगळीच आहे. गुलाबी फुलांच्या ९६ ओळींपैकी ८१ वाचल्या, तर पांढऱ्या फुलांच्या २९ पैकी फक्त १७. पांढऱ्या फुलांच्या झाडांचे बी काबुलीकडे झुकलेले, पातळ सालीचे असते. ते उष्णतेने लवकर दुखावते आणि ओल्या माध्यमात लवकर सडते. आम्हाला हवा होता काबुली, आणि आमची वाळवणपेटी न सांगता काबुली बाजूच्या ओळी काढून टाकीत होती. जुलैत नळीने केले तेच ऑगस्टमध्ये पेटीने केले.

यापुढे काबुली बाजूच्या ओळींचे बी कोरड्या, धुतलेल्या वाळूत पेरायचे, पेरण्याआधी त्याला ट्रायकोडर्मा या उपयुक्त बुरशीची बीजप्रक्रिया करायची आणि पहिले पाणी मोजून द्यायचे. शिवाय प्रत्येक ओळीचे किमान दोन घाटे झाडावरच पूर्ण पिकू द्यायचे. यामुळे पिढीमागे आठ-दहा दिवस जातील. जाऊ देत.

राखीव ८० बिया १४ ऑगस्टला वेगळ्या बाकावर पेरल्या आहेत, ७४ उगवल्या. यांच्यातील एकही झाड रोगाशिवाय कोणत्याही कारणाने टाकायचे नाही, असे वहीच्या पहिल्या पानावर लिहून सगळ्यांनी सह्या केल्या.

१७ ऑक्टोबर २०२४

मुख्य गटाच्या एफ-३ ची काढणी झाली. निथळाची क्षारता पूर्ण पिढीभर १.२ च्या आत राहिली आणि करपलेली कड एकाही झाडावर दिसली नाही. ९८ पैकी ९५ ओळींचे बी मिळाले.

जाळीला एक वीतभर फाट होती, त्यातून घाटेअळी आत आली. नऊ अळ्या हाताने वेचल्या. बंद घरात पक्षी नसतात, त्यामुळे एक अळी रानापेक्षा जास्त घाटे खाते.

आणखी एक बारीक निरीक्षण. रानातल्या हरभऱ्याला हिवाळ्यात सकाळी हात लावला की बोटे आंबट लागतात. आजी रात्री पिकावर धुवट कापड पसरून ती आंब गोळा करीत असे. हरितगृहातल्या झाडांवर दव पडत नाही आणि पाने हाताला मऊ, जवळजवळ बेचव लागतात. हे झाड रानातल्या झाडासारखे नाही, याची ही खूण मला आकड्यांपेक्षा जास्त पटली. फुलोऱ्यात तापमान चढवून या झाडांची परीक्षा घेण्याचा विचार आम्ही त्यानंतर पूर्णपणे सोडला. हरितगृहात फक्त पिढ्या पुढे न्यायच्या आणि निवड मार्चच्या उन्हात, काळ्या रानात करायची.

२८ ऑक्टोबर २०२४

मुख्य गटाची एफ-४ २४ तारखेला आणि राखीव गटाची एफ-३ आज पेरली. या वेळी सर्व झाडे १० सेंटिमीटरऐवजी २० सेंटिमीटरच्या कुंड्यांत आहेत. आतापर्यंत एका झाडाचे एक-दोन बी पुढे नेले तरी चालत होते. आता प्रत्येक झाडापासून शेतात एक ओळ पेरण्याइतके, म्हणजे किमान दहा बिया हव्यात. लहान कुंडीत २२ तासांच्या प्रकाशाखाली झाड पाच-सात घाट्यांवरच आटोपते. जागा कमी पडल्याने मामांनी तिसरे बाक बांबूचे बांधून दिले.

३१ डिसेंबर २०२४

मुख्य गटात ९१ आणि राखीव गटात ६६ झाडांनी ओळीपुरते बी दिले. ४ मार्चपासून आजपर्यंत दहा महिन्यांत मुख्य गटाच्या चार पिढ्या झाल्या. वर्षाला सहा पिढ्या हा आकडा वाचून सुरुवात करणाऱ्याने आमचा हा चारचा आकडा डोळ्यांपुढे ठेवावा; नियंत्रित खोलीत जे जमते ते पॉलिहाऊसच्या कोपऱ्यात पावसाळ्यासह जमत नाही. तरीही शेतात याच चार पिढ्यांना चार रब्बी हंगाम लागले असते.

आतापर्यंतचा खर्च: दिवे दोन वेळचे मिळून ६३,८००, आडपडदा, जाळी, पंखे आणि पॅड ७४,०००, पाण्याची दुरुस्ती ३१,०००, कुंड्या, कोकोपीट व किरकोळ वस्तू २२,०००. वीजबिल महिन्याला सरासरी साडेनऊ हजार. यात मामांची मजुरी धरलेली नाही आणि ती धरली पाहिजे. ते रोज तीन तास तेथे होते.

९ जानेवारी २०२५

विहिरीजवळच्या काळ्या रानात वाफशावर पेरणी. १५७ ओळी, प्रत्येक ओळ एक मीटर, दहा बिया, दोन ओळींत ३० सेंटिमीटर. दर आठ ओळींनंतर तुलनेची एक ओळ, एकदा विराट आणि एकदा जेजी १४. अशा २० ओळी. मुख्य आणि राखीव गट चिठ्ठ्या काढून एकमेकांत मिसळले आहेत, जेणेकरून पाटाजवळची ओल एकाच गटाला मिळू नये. पेरताना जे लेबल रोवायचे, ते शिसपेन्सिलीने लिहावे. मार्करची शाई उन्हात दोन महिन्यांत पुसली जाते, हे जुन्या कुंड्यांवरून आम्ही शिकलो होतो.

१० मार्च २०२५

बहुतेक ओळी फुलोऱ्यात आहेत. दुपारी तीन वाजता रानातील सावलीतले तापमान सलग पाचव्या दिवशी ३५ अंशांच्या वर. विराटच्या ओळींखाली गळालेली फुले दिसू लागली आहेत. आम्हाला हवी होती ती परीक्षा सुरू झाली आहे. पाणी दोनच दिले. तिसरे द्यावे असे मामांना फार वाटत होते, कारण डोळ्यांदेखत पीक सुकू देणे त्यांना जड जाते. सरांनी हात जोडून त्यांना थांबवले.

५ एप्रिल २०२५

मोजणी पूर्ण झाली. प्रत्येक ओळीतील मधल्या तीन झाडांचे भरलेले आणि पोचट घाटे वेगवेगळे मोजले. तिघांना चार दिवस लागले.

जेजी १४ च्या दहा ओळींची सरासरी झाडामागे २४ भरलेले घाटे, विराटची ९. जेजी १४ च्या सर्वांत कमकुवत ओळीने दिलेले १९ घाटे हा उंबरठा धरला. तो पार करणाऱ्या ओळी मुख्य गटात ९१ पैकी ४ आणि राखीव गटात ६६ पैकी ९ निघाल्या.

म्हणजे ज्या गटाला आम्ही जुलैत 'उष्णतेची परीक्षा' देऊन गाळले होते, त्यापेक्षा न गाळलेल्या गटात चांगल्या ओळी अधिक मिळाल्या. याचे एकमेव कारण ती परीक्षाच होती असे मी म्हणणार नाही. राखीव गट एक पिढी मागे आहे, त्यात संकराचा जोम काही प्रमाणात उरलेला असू शकतो. वाळवणपेटीने मुख्य गटाचे केलेले नुकसानही यात मिसळले आहे. आणि एका हंगामाच्या, एका ठिकाणच्या, एकेका ओळीवर फार विश्वास ठेवता येत नाही. पण जुलैतील गाळणीने आमचा काही फायदा झाला नाही, एवढे मात्र या आकड्यांवरून नक्की दिसते.

तेरा ओळींपैकी तीन पांढऱ्या फुलांच्या आहेत आणि त्यांचे बी काबुलीसारखे फिकट आहे. आकाराने विराटपेक्षा लहान. विराटवर पुन्हा एकदा संकर केल्याशिवाय दाणा मोठा होणार नाही, असे सरांचे मत आहे. तिन्ही ओळी राखीव गटातील आहेत.

१४ एप्रिल २०२५

तेरा ओळींचे बी सावलीत वाळवून, भुंगा लागू नये म्हणून डब्यांत कडुलिंबाचा पाला घालून ठेवले. उरलेल्या १४४ ओळींचेही प्रत्येकी वीस दाणे कागदी पाकिटांत भरून फ्रिजमध्ये ठेवले आहेत. यावेळी काही टाकले नाही.

तीन काबुली ओळींच्या प्रत्येकी सहा बिया उद्या धुतलेल्या वाळूत पेरायच्या आहेत, विराट त्यांच्या शेजारीच. मेच्या तिसऱ्या आठवड्यात कळ्या येतील. त्या वेळी पाकळ्या निदलांच्या आत असतानाच कळ्या घ्यायच्या, आणि विहिरीच्या पाण्याची क्षारता दर सोमवारी मोजायची. हे काम विद्यार्थिनीने स्वतःकडे मागून घेतले आहे. टाकीत अजून १,८०० लिटर पावसाचे पाणी शिल्लक आहे. कुंडीला दिवसाला पाव लिटर या हिशेबाने ते पाऊस येईपर्यंत पुरेल.